कोष्ट्यानं चाचपलेली भिंत

फार जुनी गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच. नदीकाठच्या एका गावात विहिरीवर दोन बायका बोलत होत्या. "राजाचा कारभारी घर बघत फिरतोय. आवडलं तर दुप्पट मोल देईन म्हणतो..." पुढचं रहाटाच्या करकरीत बुडालं. पण शेजारी पाणी भरणाऱ्या, गावातल्या एका तांबटाच्या शेजारणीला तेवढं पुरलं. भरली घागर तिथंच टाकून ती त्याच्या दारात पोचली.

तांबटाला घर विकायचंच होतं. भिंतींना बारमाही ओल. त्या ओलीनं बायकोची छाती धरली होती. वैद्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "हिला माळावरच्या कोरड्या हवेत ने. इथला आणखी एक पावसाळा तिला झेपायचा नाही."

त्याच दिवशी लुगडी विणणारा एक कोष्टी घर बघायला आला. त्यानं कौतुकाचा शब्द काढला नाही. आढं निरखलं, जमीन टाचेनं दाबली, विहिरीचं पाणी चाखलं. मग भिंत चाचपून म्हणाला, "ओल आहे की हो. उन्हाळ्यातही राहते?"

तांबट भडकला. "आल्या आल्या खोट काढता? भाव पाडायचाय होय!"

"दादा, ऐका तर..."

"दार तिकडं आहे."

आतून खोकत बायको म्हणाली, "अहो, एवढं विचारतोय म्हणजे त्याला इथं राहायचंय."

"जाऊ द्या हो वहिनी," शेजारीण म्हणाली, "कारभारी येतोय ना!"

कारभारी आला. "वा! काय घर, काय अंगण!" भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. पुरणपोळी जेवला, विडा खाल्ला, "पौर्णिमेला नक्की करू" म्हणाला. पौर्णिमेला पुन्हा जेवला आणि पुढची पौर्णिमा सांगून गेला. तिसऱ्या खेपेला सोबत पाहुणे आणले. तांबटानं बायकोच्या औषधाचं तूप त्यांच्या पानात वाढलं.

मग पाऊस लागला. ओल भिंतीवर छातीएवढी चढली. महिन्याभरात बायको गेली.

दुखवट्याला कोष्टीही आला. त्यानं नदीपलीकडे घर घेतलं होतं.

"तिथं ओल नसेल," तांबट कडवटपणे म्हणाला.

"आहे, पण तुमच्याइतकी नाही. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, दादा. मला ओलीचंच घर हवं होतं. ही भिंत बघून जीव हरखला होता माझा. तुम्ही बोलूच दिलं नाहीत."

तांबटानं भिंतीवर हात ठेवला. तो बराच वेळ उचलला नाही.

शेजारणीनं विहिरीवरच्या त्या बाईला गाठलं. "त्या दिवशी पुढं काय म्हणालीस गं?"

"हेच की, सात गावं जेवून झाली त्याची, अजून एकही घर आवडलेलं नाही."

म्हणजे कारभारी घर बघत होता, एवढंच खरं होतं.

बोध असा: घर घेणारा उणं शोधतो, नुसती वाहवा करणारा जेवून जातो.