चौघांत एक रंग

एकदा एक वृद्ध रंगतज्ज्ञ होता. लोक चित्रीकरण करून त्याच्याकडे आणून देत आणि तो पडद्यासमोर बसून त्यातले रंग जुळवून देई. कोणाचा चेहरा पिवळट आला असेल तर त्यावर तजेला आणी, आभाळ विटके आले असेल तर ते स्वच्छ करी. पन्नास वर्षे त्याने हेच केले. त्याच्या हाताखालून पुष्कळ शिष्य गेले आणि प्रत्येकाला त्याने पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला: जे डोळ्याला कळत नाही, त्याला जागा देऊ नये.

नियम ऐकायला मोठा शहाणपणाचा होता. अशाच नियमांपासून जपून राहावे लागते, पण ते कळेपर्यंत निम्मे आयुष्य गेलेले असते.

या नियमामागचे कारण साधे होते. पडद्यावरचे चित्र म्हणजे लाखो बारीक ठिपक्यांची दाटी. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा उजेड असतो आणि स्वतःचा रंग असतो. दोन्हींची पूर्ण नोंद ठेवली तर चित्रण अवाढव्य होते आणि साठवायला जागा पुरत नाही. आता माणसाचा डोळा असा, की उजेडातला फरक तो पटकन पकडतो, रंगातला बारीक फरक मात्र त्याच्या लक्षात येत नाही. तेव्हा या धंद्यातल्या लोकांनी युक्ती काढली. उजेड ज्याचा त्याला ठेवायचा, आणि रंग मात्र शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच द्यायचा. भात चौघांना आपापल्या ताटात, भाजी एकाच वाटीत. कोणी तक्रार करत नाही, म्हणजे सगळ्यांचे पोट भरले असे समजायचे.

या गुरूच्या एका हुशार शिष्याला एका कापडाच्या व्यापाऱ्याने एका म्हाताऱ्या विणकराची चित्रफीत करायला सांगितली. हा विणकर शेले विणी. शेल्याच्या काठावर तो किरमिजी आणि गर्द हिरव्या धाग्यांची वेल काढी. दोन्ही धागे तो स्वतः रंगवी, आणि असे रंगवी की दोन्हींची गडदता तंतोतंत सारखी यावी. लांबून पाहणाऱ्याला काठ नुसता काळसर दिसे. जवळ जाऊन पाहिले की धाग्याला धागा लागून विणलेली ती नाजूक वेल दिसू लागे. ही नक्षी त्याने कागदावर कधी उतरवली नव्हती. त्याची चाळिशीची मुलगी शेजारच्याच मागावर बसे, पण काठाचे काम त्याने तिलाही शिकवले नव्हते. तिने विचारले की तो म्हणे, "बघू पुढच्या शेल्याला." आता त्याची बोटे थरथरू लागली होती, आणि पुढचा शेला होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते.

शिष्याने तीन दिवस बसून तो शेवटचा शेला टिपला. खोटे कशाला बोला, काम त्याने मन लावून केले. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा नोंदवला, काठ अगदी जवळून घेतला. निघताना तो म्हाताऱ्याला म्हणाला, "आप्पा, एकूण एक धागा आलाय." म्हाताऱ्याने मान हलवली आणि मुलीकडे पाहिले.

चित्रफीत व्यापाऱ्याच्या दुकानात लागली. गिऱ्हाइके रंगांची तारीफ करू लागली. मग शिष्याने नियमाप्रमाणे मूळ चित्रणाची आवराआवर केली. त्याने ते लहान केले, चौघांत एक रंग वाटून. जुने आणि नवे शेजारी लावून, खुर्चीत रेलून पाहिले. तसूभरही फरक दिसेना. मग त्याने मूळ चित्रण पुसून टाकले.

पुढे विणकर वारला. मागावरून उतरलेले शेवटचे वस्त्र विणकराच्या अंगावर घालावे, अशी त्यांच्या घराची रीत होती. बाकीचे शेले केव्हाच विकले गेले होते, हाच काय तो उरला होता. मुलीचा जीव घुटमळला. अंगणात माणसे खोळंबली असताना तिने शिष्याला फोन केला.

"दादा, काठाची वेल तुमच्याकडं आहे ना? नक्की?"

"एकूण एक धागा आहे, ताई. निर्धास्त राहा."

शेला बापाच्या अंगावर गेला आणि त्याच्याबरोबर जळाला.

महिन्याभराने ती चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन आली. पडद्यावर काठ मोठा करून धागे मोजायचे आणि कागदावर उतरवायचे, म्हणजे तिला विणता येणार होते. शिष्याने काठ मोठा केला. पडद्यावर तपकिरी पट्टा दिसला. त्याने आणखी मोठा केला, पट्टा आणखी रुंद झाला. किरमिजी नाही, हिरवा नाही, चौघांच्या वाटणीत दोन्ही मिसळून सगळा चिखल.

"वेल कुठंय?" तिने विचारले.

शिष्याने आठ दिवस मागून घेतले.

हरवलेला रंग अंदाजाने भरून देणारी यंत्रे हल्ली मिळतात. शिष्याने आठ दिवस तेच केले, आणि काठावर वेल आली. सुरेख आली. त्याने गुरूला आणि तिला बोलावून घेतले. ती पडद्याजवळ गेली, डोळे पुसले आणि कागदावर पहिल्या चार खुणाही केल्या.

गुरू बराच वेळ पाहत होता. मग त्याने विचारले, "या पानाला पाचच धागे कशावरून?"

"यंत्राचा अंदाज आहे, गुरुजी."

गुरू पुढे झाला आणि त्याने ती वेल पुसून टाकली. पडद्यावर पुन्हा तपकिरी पट्टा उरला.

"अहो, काय केलंत हे!" ती ओरडली. "तेवढं तरी मला राहू द्यायचं होतंत!"

"मुली, ती वेल तुझ्या वडिलांची नव्हती," गुरू म्हणाला. "तू ती विणली असतीस आणि आप्पांचा काठ म्हणून लोकांना दाखवली असतीस. तुझ्या मुलांनी तेच सांगितलं असतं. आप्पा गेलेच आहेत. त्यांच्या नावावर दुसऱ्या कोणाला बसवू नकोस." मग तो शिष्याकडे वळला. "तुला काय बोलू? नियम माझा होता. डोळ्याला कळत नाही, असं मी जन्मभर शिकवलं. कोणाच्या डोळ्याला, हे स्वतःलासुद्धा कधी विचारलं नाही. खुर्चीत बसलेल्या माझ्या डोळ्याला कळत नव्हतं, एवढंच ते होतं. त्या माणसाला दोन धागे वेगळे दिसत होते, आणि त्याचं सगळं आयुष्य त्या फरकात गेलं. आपण तो फरक काढून टाकला आणि जागा वाचवली."

तिने विचारले, "मग यात खरं काहीच नाही का?"

गुरूने चित्रातला सगळा रंग काढून घेतला. काळ्यापांढऱ्या पडद्यावर म्हाताऱ्याचे हात दिसू लागले. धोटा फेकणारी बोटे, फुगलेल्या शिरा, अंगठ्याचे चिरलेले नख. काठाच्या जागी सपाट करडी पट्टी होती.

"हात खरे आहेत," तो म्हणाला. "उजेड आपण वाटला नव्हता."

तिने ते हात शेवटपर्यंत पाहिले. मग कागदावरच्या चार खुणा खोडल्या आणि कागद शिष्यापुढे ठेवला.

"हात घेऊन जाते मी," ती म्हणाली. "पण काठ यात नाही, असं लिहून द्या. तुमच्या अक्षरात. पोरं उद्या विचारतील, शेला का जाळलास म्हणून. ते मी एकटीनं का सांगू?"

शिष्याने पेन्सिल घेतली. लिहिले, 'या चित्रणात शेल्याचा काठ नाही. तो माझ्या हातून गेला. आहे असे मी सांगितले होते.' त्याला वाटले, तिसरे वाक्य वाचून ती काहीतरी बोलेल, निदान रडेल.

तिने सावकाश वाचले, आणि कागद परत त्याच्याकडे सरकवला.

"खाली नाव घाला," ती म्हणाली.