येसबाची डोणी

हिंगणमाळावर तेव्हा एक बाभळही नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

माळावर येसबा धनगर राहायचा. स्वतःच्या शेळ्या राखायचा आणि स्वतःच्याच बोकडाचं मटण विकायचा. मधे दलाल नाही. गिऱ्हाइकाला आधी बोकड चालताना दाखवायचा. मग त्याला टेकडीमागच्या ओघळीत न्यायचा, सुरी धोतराच्या सोग्यात झाकून. कळपाला कधी काही दिसलं नाही. त्यानं हाक दिली की शेळ्या वाऱ्यालाही मागं टाकून यायच्या, असं म्हणतात.

एका वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मटणाला गर्दी झाली. रंगराव पाटलांकडे व्याही जेवायला यायचे होते. पाटील स्वतः शेळ्या कोंडायच्या वाडग्यापाशी आले.

"येसबा, बोकडाची काय वरात काढतोस? इथंच काप."

लोक हसले. येसबा मानी माणूस. ते हसणं त्याला लागलं. त्यानं वाडग्याच्या दारातच बोकड कापला.

आत त्या बोकडाची आई होती, मोरी. ती ओरडली नाही. एकही शेळी ओरडली नाही. एवढ्या गर्दीत ती शांतता सगळ्यांना ऐकू आली. हसणारे आपापला वाटा घेऊन खाली मानेनं घरी गेले.

दिवस कलल्यावर येसबानं शेळ्यांना पाजायची दगडी डोणी पाण्यानं भरली आणि हाक दिली. सगळ्या कळपानं त्याच्याकडे पाठ फिरवली.

चैत्राचं ऊन. शेळ्यांच्या जिभा बाहेर आलेल्या. समोर पाणी, पण एक शेळी तोंड लावेना. पाटलांनी आपल्या विहिरीचं गोड पाणी आणवलं. तेही तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी करडं आडवी पडू लागली. गाव नुसता बघत उभा राहिला. असलं कोणी पाहिलं नव्हतं.

येसबा राखेनं हात घासत होता. बायको ठकूबाई म्हणाली, "हात कशाला सोलताय? वास नाही आला त्यांना. त्यांनी बघितलंय."

येसबानं राख टाकली. डोणीपाशी जाऊन बसला.

"तुम्ही प्याल तेव्हा मी पिईन."

ऊन चढलं, उतरलं, पुन्हा चढलं. त्याचे ओठ फुटले. तो उठला नाही. शेवटी मोरी आली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं डोणीत तोंड घातलं. मागून सगळा कळप आला. सगळे पोटभर प्याले आणि डोणी काठोकाठ तशीच राहिली, असं म्हणतात.

पुढं येसबानं बोकड कापले, पण आधी डोणीवर नेऊन. प्याला तर ओघळीत. नाही प्याला तर परत वाडग्यात. पाणी न पिणारं जनावर एक तर आजारी असतं, नाहीतर भ्यालेलं. दोन्ही विकायचं नसतं.

डोणी अजून आहे. हिंगणमाळावर मटण विकणारा आजही बोकड तिथं नेतो. तो प्याल्याशिवाय स्वतः घोट घेत नाही आणि सुरी फडक्यातून काढत नाही.

गेल्या जत्रेला घरोघरी मसाला वाटून तयार होता. बोकड डोणीपाशी उभा राहिला. प्याला नाही. बाहेरगावचे पाव्हणे म्हणाले, चालतंय, कापा. कोणी हललं नाही. मग रंगराव पाटलांचा पणतू पुढं झाला आणि त्यानं बोकडाचं दावं सोडलं.

त्या दिवशी सगळ्या गावानं पिठलं खाल्लं. आताच्या पाटलांच्या व्याह्यांनीसुद्धा.