महाराजांचं ताट सुटेना

"महाराज, आता तरी मला पंगतीत वाढू द्याल ना?"

हेरंब पोंक्षेने हे विचारलं तेव्हा बाहेर अंगणात पानं मांडून झाली होती. भैरवगिरी महाराज आपलं पितळी ताट काखेत मारून जेवायलाच निघाले होते.

त्या मठात वाढायचा मान फक्त दीक्षा मिळालेल्यांचा. हेरंब कारखान्यातली भली नोकरी सोडून आलेला, पण त्याच्या वाट्याला आली मठाची सुतारशाळा. तिथेही पठ्ठ्याने पाट धरायचा शिकंजा इतका आवळला, की चांगला सागवानी पाट उभा तडकला.

तेव्हा महाराज एवढंच म्हणाले होते, "न आवळता धरायला शिक. मग बघू."

दुसरा कुणी ध्यानाला बसला असता. हा भंगारवाल्याकडे गेला!

"न आवळता धरलंय, महाराज. बघाच तुम्ही."

सुतारशाळेतल्या टेबलावर रबराचं कडं, खालून नळी, नळी एका लोखंडी टाकीला, टाकी जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला.

"आतली हवा काढून घ्यायची. मग बाहेरची हवाच वस्तूला दाबून धरते. शिकंजा नको, खिळा नको. ठेवा काहीही!"

महाराजांनी काखेतलं ताट ठेवलं.

हेरंबने बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला.

"आता ओढा."

महाराजांनी ओढलं. ताट ढिम्म. दोन्ही हातांनी ओढलं. टेबल सरकलं, पण ताट हललं नाही.

"वा रे गड्या!" महाराज खूश झाले. हेरंबची छाती फुगली.

"बरं, दे आता. पंगत खोळंबलीय."

महाराजांचं ताट मांडल्याशिवाय तिथे कुणी घासाला हात लावत नसे.

हेरंबने बटण बंद केलं आणि ताट उचलायला गेला. ताट ढिम्म.

"वीज गेली तरी सुटू नये, म्हणून हवा अडवणारी झडप बसवलीय," तो ऐटीत म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"अस्सं. मग सोडायचं कुठून?"

हेरंब टेबलाखाली वाकून नळी चाचपू लागला.

"कुठून म्हटलं?"

"ते... राहिलंच, महाराज. सगळं लक्ष धरण्याकडे होतं."

त्याने कडेने पटाशी घालून पाहिली. शिरेना. नळी उपसून पाहिली. सांध्यांना स्वतःच इतकं सील चोपडलं होतं, की तीही निघेना. बिचारा घामाने निथळला.

"नळी कापली तर सुटेल," तो शेवटी पुटपुटला.

"मग काप की."

"अख्खा उन्हाळा घातलाय हो यात! हे मोडलं तर तुम्हाला दाखवायला माझ्याजवळ उरणार काय?"

महाराज शेजारच्या ओंडक्यावर बसले आणि पोटावरून हात फिरवू लागले.

...

अंगणातून एका म्हातारीचा आवाज आला, "महाराज, येताय ना? लेकरं भुकेजलीत हो!"

हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटांसाठी केलेल्या यंत्रापायी पोरं उपाशी बसली होती. त्याने सुरी उचलली, क्षणभर नळीकडे पाहिलं, आणि कचकन कापली.

हवा आत शिरली. ताट सुटलं.

त्याने ते आपल्या उपरण्याने पुसून महाराजांच्या हाती दिलं. डोळे भरून आले होते.

"संपलं, महाराज. आता दाखवायला काहीच उरलं नाही."

महाराजांनी ताट पुन्हा काखेत मारलं आणि दाराकडे निघाले. उंबऱ्यावर थांबून मागे वळले.

"हात मोकळे आहेत ना? मग आमटीची बादली घे."