खाटेखालचे बूट

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं किंवा शब्द फार साधे वाटले, तर माफ करा.

फार वर्षांपूर्वी एका बर्फाळ डोंगराखाली यांगचेनताई राहायची. दर रविवारी ती चढाईला जायची. थंडीत बर्फकुऱ्हाड रोवत गोठलेला धबधबा चढायची आणि बर्फ वितळला की रबरी बूट घालून उघडा कातळ.

वसंत आला. आता आठ महिने माळ्यावर धूळ खावी लागणार, या धास्तीनं कुऱ्हाडीनं शनिवारीच बुटांना खाटेखाली ढकललं आणि स्वतः पिशवीत जाऊन बसली.

"अगं, उतर खाली," पिशवीतला म्हातारा दोर म्हणाला.

"गप्प बसा हो आजोबा! बर्फ फोडते मी, कातळाचं काय घेऊन बसलात?"

रविवारी कातळापाशी ताईला बूट सापडेनात. "चल बाई, आज तूच," म्हणत ती दोर बांधून चढू लागली. वर जाऊन तिनं कुऱ्हाड मारली. ठिणगी उडाली, टोक सटकलं आणि ताई घसरली. दोरानं तिला अधांतरी धरलं, म्हणून वाचली.

घरी येताच खाटेखालून बूट खिदळले, "काय बाईसाहेब, फुटला का कातळ?"

कुऱ्हाडीनं मान खाली घातली.

"तुम्ही कशाला हसता रे?" दोर म्हणाला. "पौषात हिला दाराआड लपवून धबधब्यावर कोण आलं होतं? तेव्हाही ताईला मीच धरलं."

बूट खाटेखाली आणखी आत सरकले.

ही गोष्ट लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी बर्फकुऱ्हाड माळ्यावरून काढली, तेल लावून बुटांशेजारी टांगली. दोघांचाही भरवसा नाही, म्हणून चढाईला निघताना दोराच्या गाठी दोनदा तपासल्या.