वाकलेला रॉड

"वस्ताद, हे भंगार पाटावर कशाला?"

सर्जेरावाने विचारलं. पूजेला मांडलेल्या पान्या-हातोड्यांच्या मधोमध तातोबा वस्तादांनी इंजिनातला तो वाकलेला कनेक्टिंग रॉड नीट ठेवला.

खंडेनवमी होती. सांगलीतल्या त्या गॅरेजात एक रीत होती. या दिवशी हत्यारांना कुंकू लावील, तोच गॅरेजचा वस्ताद. यंदा कुंकवाचं ताट सर्जेरावाच्या हाती द्यायचं, हे तातोबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

तसा तो लायकही होता. इंदुताई कुरुंदवाड्यांच्या पुरात बुडालेल्या जुन्या ॲम्बेसेडरचं इंजिन त्याने सुटं केलं, गाळ धुतला, नवा रॉड घातला. सकाळी ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. हात सोन्याचे, पण त्या हातांची ऐट भारी.

गाडी न्यायला आलेल्या इंदुताई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांनी ती गाडी लेकरासारखी सांभाळली होती. ते गेले, मग पूर आला, आणि ताईंना गाडी वेळेत उंचावर हलवता आली नाही. इंजिन माझ्यामुळे गेलं, असं त्या भेटेल त्याला सांगत. घरी यजमानांच्या फोटोकडे त्यांना बघवत नसे.

खरं निराळंच होतं. बुडालेल्या इंजिनाचे प्लग आधी काढायचे, आतलं पाणी बाहेर घालवायचं. तोवर स्टार्टरला हात लावायचा नाही. नाहीतर पिस्टन आतल्या पाण्यावर आदळतो; पाणी दबत नाही, मग रॉड वाकतो. पूर ओसरला त्या दिवशी सर्जेराव ताईंच्या अंगणात गेला. गल्ली बघत होती. प्लग न काढताच त्याने नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारला. आत धाडकन आवाज झाला, आणि रॉड पुरानं खाल्ला असं त्याने सांगून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याला वाटलं असावं.

तातोबांनी कुंकवाचं ताट त्याच्या हाती दिलं आणि रॉडकडे बोट केलं.

"सर्जा, ह्यो कुणी वाकवला?"

"पुरानं."

"पुराला कशाला बोल लावतोस बाबा?" इंदुताई म्हणाल्या. "चूक माझीच."

...

"पाणी तर गप उभं हुतं, सर्जा," वस्ताद हळूच म्हणाले.

सर्जेरावाने ताट खाली ठेवलं आणि इंदुताईंसमोर जाऊन उभा राहिला.

"ताई, तुमच्यामुळं काय झालं न्हाई. प्लग न काढता म्या स्टार्टर मारला. इंजिन पुरातनं वाचलं हुतं... माझ्या हातनं गेलं."

इंदुताई बाकावर बसल्या. पदराने डोळे पुसत राहिल्या. रागावल्या नाहीत, बरंही बोलल्या नाहीत. आपण यजमानांच्या गुन्हेगार नाही, एवढंच त्यांना त्या घडीला पुरेसं होतं.

सर्जेराव परत आला. मान वर होत नव्हती.

"ताट दुसऱ्या कुणाला द्या, वस्ताद. माझा हक्क न्हाई."

...

वस्तादांनी ताट उचललं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं.

"मगाशी नव्हता."