पोपटी बुटांचा फोटो

फार पूर्वीची नाही, घरोघरी मोबाइल आल्यानंतरचीच ही गोष्ट. एका गावाला सॉफ्टबॉलचं भारी वेड होतं. ते कुणी आणलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण थंडी पडली की वरची पेठ आणि खालची पेठ आपापल्या मुलींचे संघ घेऊन मैदानात उतरत आणि मग गावात दुसरा विषय निघत नसे.

त्या गावात खेळाच्या एक बाई होत्या. शाळेत कवायत शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांना पंच म्हणून उभ्या राहायच्या. नियम त्यांना तोंडपाठ होते. पंचाने काळे बूट घालावेत असा एक नियम होता, आणि बाईंचे बूट इतके चकचकीत असत की एखाद्याने त्यात बघून भांग पाडावा. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीमागे उभ्या राहणाऱ्या मुख्य पंचाच्या पायावर कधी कधी चेंडू आदळतो, म्हणून त्या बुटांना बोटांवर आतून लोखंडी टोपी होती. बाईंनी ते शहरातून मुद्दाम मागवले होते. त्यांना त्या बुटांचा अभिमान होता, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

त्याच गावात चित्रकलेचे एक सर होते. तेही पंच होते. माणूस गमत्या, थोडा गबाळा. सदऱ्यावर कायम कुठला तरी रंग सांडलेला. बहुतेक सामन्यांना बाई कॅचरच्या मागे आणि सर मैदानात, धावणाऱ्या मुलींनी गाठायच्या बेसजवळ, अशी दोघांची जोडी असे.

गावच्या पंचांची एक रीत होती. सामना संपला की सगळे पंच मैदानामागे निंबाखालच्या बाकावर बसत, बुटांच्या नाड्या सोडत, चहा घेत आणि ज्याची जी चूक दिसली ती त्याला तोंडावर सांगत. "तुमचा हात उशिरा वर गेला." "तुम्ही तिसऱ्या बेसकडे पाहिलंच नाहीत." कुणी ऐकून घेई, कुणी हुज्जत घाली, कुणी फुरंगटून चहा अर्धा टाकून जाई. पण बाकावरचं बोलणं बाकावरच राही. मैदानात मात्र, सोबत्याने विचारल्याशिवाय त्याच्या निर्णयाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

त्या हंगामातल्या पहिल्याच सामन्याला सर आले ते पोपटी बूट घालून. पोपटी म्हणजे डोळ्यांत भरणारे पोपटी, आणि वर पिवळ्या नाड्या. झालं होतं असं, की सकाळी घरातून निघताना त्यांच्या काळ्या बुटाचा तळ जबडा उघडून बसला, आणि घाईत भाच्याचे बूट पायात घालून ते धावत आले.

बाईंच्या कपाळावर आठी उमटली. नियम म्हणजे नियम, आणि इतकं तरी बाईंचं बरोबरच होतं. सामनाभर ते पोपटी बूट या बेसपासून त्या बेसपर्यंत पळत होते आणि बाईंना ते डोळ्यांत खुपत होते.

सामना संपला. सर बाकावर जाऊन बसले, चहावाल्याला म्हणाले, "बाईंचाही एक ठेवा. त्यांच्याशी जरा बोलायचंय."

बाई काही आल्या नाहीत. त्यांनी सरांचा पाठमोरा फोटो काढला होता आणि तो दाखवायची त्यांना घाई झाली होती. तालुक्यातल्या खेळाच्या शौकिनांचं मोबाइलवर एक पान होतं, सगळा तालुका ते वाचायचा. त्यावर फोटो टाकून बाईंनी खाली लिहिलं, 'हे आमच्या गावचे पंच! ज्यांना स्वतःच्या पायात काय आहे ते दिसत नाही, त्यांना मैदानातला चेंडू काय दिसणार?'

तालुका हसला. अंगठ्यांवर अंगठे आले. वाण्याच्या दुकानात, दळणाच्या रांगेत, जो तो पोपटी बूट एकमेकांना दाखवू लागला. कधी शब्दाने न बोलणारी माणसं बाईंना वाटेत थांबवून म्हणाली, "बाई, काय लिहिलंत! चांगली खोड जिरवलीत."

सरांनी दुसऱ्या दिवशी बूट शिवून आणले. त्यांना वाईट वाटलं असेल, असं एकदा बाईंच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात मोबाइल पुन्हा टुणकन वाजला आणि ते तसंच राहून गेलं.

कौतुकाची चटक मोठी वाईट. मग बाईंनी एका पंचाच्या पोटाविषयी लिहिलं, की ते आडवं येतं म्हणून त्यांना फलंदाजापुढची, जमिनीत बसवलेली प्लेट दिसत नाही. दुसऱ्याच्या उलट्या टोपीविषयी लिहिलं. तिसऱ्याने सामन्यात दिलेल्या जांभईचा फोटो टाकला. दर वेळी तालुका हसला, आणि दर वेळी बाईंना वाटलं, आपण खेळाची केवढी सेवा करतो आहोत.

आता बाई सामना संपला की बाकावर येऊन बसायच्या. नाड्या सोडता सोडता विचारायच्या, "आज माझं काही चुकलं का?"

बाकावरचे पंच चहाच्या कपात बघत. बाईंचा मोबाइल शेजारीच पडलेला असे. ढेरपोटे पंच म्हणत, "छे हो बाई, तुमचं काय चुकणार?" टोपीवाले म्हणत, "झकास झालं." सरही म्हणत, "ठीक होतं." आणि चहा पटकन संपवून सगळे उठत.

बाईंना हे खरं वाटलं. त्यांनी घरी जाऊन बुटांना पॉलिश केलं.

इकडे प्रेक्षकांनी बाईंचं वाक्य पाठ केलं होतं. जरा घासून निर्णय झाला की कुंपणापलीकडून कुणी तरी ओरडे, "पंच, चेंडू दिसला का?" सगळं मैदान खदखदून हसे. आधी ते सरांना ओरडत, मग ढेरपोट्यांना, मग सगळ्यांनाच. पंचच जर पंचांना आंधळं म्हणतात, तर लोकांनी का मागे राहावं? खेळाडू मुलीही निर्णयानिर्णयाला कमरेवर हात ठेवून उभ्या राहू लागल्या. पंचाजवळ त्याच्या शब्दाशिवाय दुसरी शिदोरी नसते, आणि त्या गावात ती भराभर संपत चालली होती. बाईंना मात्र वाटे, बाकीचे गबाळे आहेत म्हणून हे होतंय, आपल्या शब्दाला कुणी हात लावणार नाही.

मग अंतिम सामन्याचा दिवस आला. दोन्ही पेठा लोटल्या. कॅचरच्या मागे बाई, बेसजवळ सर.

सामना रंगला. शेवटच्या डावात खालच्या पेठेला बरोबरीसाठी एक धाव हवी होती आणि त्यांच्या हातात शेवटचीच खेळाडू होती. ती बाद झाली तर सामना संपला आणि वरची पेठ जिंकली. प्लेटला पोचली तर बरोबरी, आणि खेळ पुढे चालू. तिसऱ्या बेसवरून ती पोर जीव खाऊन पळत आली. तिकडून चेंडू आला, कॅचरने तो घेतला आणि घसरत येणाऱ्या मुलीच्या पायाला हातमोजा टेकवला; चेंडू मोज्यात घट्ट राहिला तरच ती बाद. धुळीचा लोट उठला.

बाई कॅचरच्या पाठीमागे होत्या तिथेच उभ्या होत्या. त्यांना कॅचरची पाठ दिसली, हातमोजा खाली जाताना दिसला, आणि धूळ बसल्यावर हातमोज्यात चेंडू दिसला. त्यांनी मूठ वर केली, "आउट!"

वरची पेठ नाचायला लागली. खाली पडलेली मुलगी उठेचना. गुडघा फुटला होता, पण ती त्यासाठी रडत नव्हती. "बाई, तिच्या हातून चेंडू पडला होता," ती म्हणाली. "पडला आणि तिने परत उचलला. खरंच बाई."

कुंपणापलीकडून आवाज आला, "पंच, चेंडू दिसला का?"

या वेळी तो बाईंसाठी होता. हशा उसळला. शेकडो मोबाइल वर झाले. आपलंच वाक्य आपल्यावर येऊन आदळतं तेव्हा कसं लागतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. लोखंडी टोपी त्याला काही करू शकत नव्हती.

खालच्या पेठेची कप्तान पुढे आली. पोरगी शहाणी होती, तावातावाने बोलली नाही. "बाई, एकदा सरांना विचाराल का? ते समोरच्या बाजूला होते."

बाईंनी सरांकडे पाहिलं. विचारलं नाही, तर निर्णय कायम राहील, सामना संपेल, आणि कदाचित ही मुलगी न हरता हरेल. विचारलं, तर ज्या माणसाला आपण तालुक्यासमोर आंधळा ठरवला, त्याच्याच डोळ्यांवर सगळं सोपवायचं. आणि त्याने आता सगळ्यांदेखत खडसावलं तर? त्याचा तो हक्कच होता. उद्यापासून आपला शब्द कुणी मानणार नाही, बाईंना हे स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी पुन्हा त्या मुलीकडे पाहिलं. मग हात वर करून सरांना बोलावलं.

सर चालत आले. बाईंजवळ येऊन त्यांनी प्रेक्षकांकडे पाठ केली आणि टोपी तोंडापुढे धरली, म्हणजे ओठही कुणाला दिसू नयेत.

"सर, काय दिसलं तुम्हाला?"

"चेंडू सुटला होता, बाई. मुलगी खरं बोलतेय," सर हळूच म्हणाले. "तुमच्या मध्ये कॅचरची पाठ होती, तिथून कुणालाच दिसलं नसतं. निर्णय तुमचा आहे, तुम्हीच बदला. मी काही बोलत नाही." आणि ते आपल्या जागेवर परत गेले.

बाईंनी दोन्ही हात आडवे पसरले. "सेफ!"

मग टाळ्या सुरू झाल्या, अगदी वरच्या पेठेतूनही. पंचाने आपला निर्णय आपण होऊन फिरवला, हे लोकांना आवडलं. टाळ्या सगळ्या बाईंना मिळाल्या. सर बेसजवळ उभं राहून बुटाच्या टोकाने माती सारखी करत होते.

आणि सामना कोण जिंकलं म्हणाल, तर वरचीच पेठ. पुढचा डाव त्यांनी चांगला खेळला. पण खालच्या पेठेच्या मुली हरल्यावर भांडल्या नाहीत, कारण त्या खेळून हरल्या होत्या.

सामन्यानंतर मोबाइलवाल्यांनी सरांना गाठलं. "सर, बाईंची घोडचूक झाली होती ना? दिसलं नव्हतं ना त्यांना?"

"आम्ही दोघं मिळून बघतो," सर म्हणाले. "दोघांना मिळून दिसलं."

हे बाईंनी ऐकलं. त्या बाकाकडे आल्या तेव्हा सर एकटेच नाड्या सोडत बसले होते. बाईंनी मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला आणि शेजारी बसल्या.

"सर, माझं काय चुकतं? खरं सांगा."

सरांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "तुमचे पाय हलत नाहीत, बाई. धावणारी प्लेटकडे यायला लागली की मुख्य पंचाने मागची जागा सोडून बाजूला सरकायचं असतं. तुम्ही एका जागी रोवल्यासारख्या उभ्या राहता."

बाईंनी आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. "कधीपासून?"

"यंदाच्या पहिल्या सामन्यात लक्षात आलं. त्या दिवशी तेच सांगायला थांबलो होतो. तुमचा चहाही सांगितला होता."

त्या दिवशी त्या इथे बसल्या असत्या, तर आज हे घडलंच नसतं. "मग नंतर का नाही सांगितलंत?"

"खरं सांगू? राग आला होता तुमचा. आणि भीतीही वाटली, आपलं बोलणं उद्या पानावर येईल म्हणून. सगळ्यांनाच वाटते."

"तरी आज मला सांभाळून घेतलंत."

"मैदानात राग घेऊन कसं उतरणार, बाई? समोर मुली जीव तोडून खेळत असतात."

बाईंना वाटलं होतं की चूक ऐकून लाज वाटेल. लाज वाटलीच, पण तिच्यापेक्षा मोठं काही तरी मनात दाटून आलं. एका माणसाने आपल्या शब्दाचा मान राखला होता, तोही जेव्हा आपण त्याचा राखला नव्हता तेव्हा. "सर, मी तुमची ऋणी आहे," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे फोटो काढून टाकले आणि त्याच पानावर लिहिलं, 'काल चेंडू मला दिसला नव्हता, सरांना दिसला. त्यांच्यामुळे एका मुलीला न्याय मिळाला. त्यांच्याविषयी आणि इतर पंचांविषयी मी इथे जे लिहिलं, ते बाकावर बसून सांगायचं होतं. मला माफ करा.' त्याला फारसे अंगठे आले नाहीत. पोपटी बूट मात्र कुठल्या कुठल्या मोबाइलमध्ये फिरतच राहिले, ते परत घेणं बाईंच्या हातात नव्हतं.

पुढच्या हंगामातल्या पहिल्या सामन्यानंतर बाई बाकावर सगळ्यांमध्ये बसल्या आणि म्हणाल्या, "आता माझ्या चुका सांगा. सरांनी एक सांगितली आहे, तुमच्याकडे जास्त असतील."

मग ढेरपोटे पंच खाकरले. "राग मानू नका बाई, पण तुम्ही स्ट्राइक फार हळू सांगता. मागच्या माणसाला ऐकूच येत नाही." टोपीवाल्यांना धीर आला. "आणि मुलींवर उगाच डोळे वटारता. त्या बावरतात." जांभईवाल्यांकडे तर मोठीच यादी निघाली. सर हसत होते. बोलता बोलता चहा गार झाला, दुसरा सांगावा लागला.

इतक्या चुका ऐकून इतकं बरं वाटल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"आणखी?" त्या म्हणाल्या.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जो सोबत्याची चूक चव्हाट्यावर मांडतो, त्याला त्याची स्वतःची चूक जवळ बसून सांगणारं कुणी उरत नाही, आणि तरीही सांगणारा कुणी भेटलाच, तर त्याचे उपकार विसरू नयेत.