अध्यक्षांनी वाचलेला अंक

देवळखेडच्या नव्या 'वेस' साप्ताहिकाचा गुरुवारी निघणारा तिसरा अंक छपाईला जायचा होता, तेवढ्यात नगराध्यक्ष दाजीसाहेब खळतकरांचं बोलावणं आलं. संपादक लीलाबाई टिपरे रागातच गेल्या. अंकात मोठी बातमी एकच होती: कुंभारगल्लीच्या नळाला गटाराचं पाणी येतंय आणि घराघरांत कावीळ आहे. गल्लीनं पालिकेचे उंबरे झिजवले होते. दर वेळी दाजीसाहेब एकच म्हणत, "अरेरे, माझ्या कानावर कसं आलं नाही?"

कुणीतरी आधीच पोचवलेला बातमीचा कागद हातात धरून दाजीसाहेब हसले. "बाई, यापुढे सगळ्या बातम्या आधी मला दाखवायच्या. मी हो म्हणेन त्याच छापायच्या. नाहीतर कुठला छापखाना तुमचं काम घेतो, बघतोच."

लीलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज त्यांनी चढू दिला नाही.

"चालेल. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादकांची नावं छापावीच लागतात. त्याखाली एक ओळ वाढवते: 'आमच्याकडे आलेली प्रत्येक बातमी नगराध्यक्ष स्वतः वाचतात.'"

"छापा की. मानच आहे तो."

"मान तर आहेच. फक्त 'कानावर आलं नाही' हे पुन्हा म्हणता यायचं नाही. ही बातमी खुशाल खोडा. गल्लीला ती तोंडपाठ आहे. तुम्हालाही ठाऊक होती, एवढंच त्यांना कळायचं राहिलंय."

दाजीसाहेबांनी कागद घाईघाईनं पुढे सरकवला. "तुमचं तुम्ही छापा. मी काही वाचलेलं नाही."

"वाचाल," उठता उठता लीलाबाई म्हणाल्या. "गुरुवारी, सगळ्या गावाबरोबर."